प्लूटोचा आकडा आणि प्रोटॉनएवढं ब्लॅक होल: गोष्ट व्यंकटेश बापूजी केतकरांची

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. भंडारदऱ्याच्या बाजूला अजून खरा काळोख शिल्लक आहे. लाइट गेली की आकाशगंगा डोळ्यांनी दिसते.

पण त्या रात्री अंगणात बसून आकाशाकडे कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना फोनमध्ये. आत्याने तिचा फोन माझ्यापुढे धरला. त्यात एक व्हिडिओ होता: मुंगीपेक्षाही लहान ब्लॅक होल पृथ्वीकडे येतंय, ते जमिनीत शिरणार आणि आतून पृथ्वी खाऊन टाकणार. मागे भीतीदायक म्युझिक. आत्याचा प्रश्न अगदी साधा होता. कांद्याची रोपं टाकायची की नाही?

आम्ही सगळे हसलो. पण ती हसत नव्हती.

त्याच रात्री फॅमिली ग्रुपवर आणखी एक फॉरवर्ड आला. प्लूटोचा शोध अमेरिकेच्या १९ वर्षं आधी एका भारतीय माणसाने लावला होता आणि जगाने ते लपवून ठेवलं, असा मजकूर. त्यावर मात्र कुणी शंका घेतली नाही. सगळ्यांनी अंगठे दिले. आणि खरं सांगायचं तर हाच मजकूर दोन वर्षांपूर्वी मी स्वतः स्टेटसला ठेवला होता. न तपासता.

एक फॉरवर्ड भीतीचा, दुसरा अभिमानाचा. पहिल्याला आम्ही हसलो, दुसऱ्याला सलाम ठोकला. तपासला एकही नाही. म्हणून मी परत येऊन त्या भारतीय माणसाबद्दल वाचायला बसलो. आणि गंमत म्हणजे, त्याची गोष्ट नीट समजून घेतल्यावर आत्याच्या ब्लॅक होलचं उत्तरही त्यातच सापडलं.

शाळामास्तर आणि पंचांग

त्यांचं नाव व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म १८५४, नरगुंद. हे गाव आज कर्नाटकात आहे, पण तेव्हा तिथे भावे घराण्याचं मराठी संस्थान होतं. केतकर चार वर्षांचे असताना, १८५८ मध्ये, नरगुंदच्या संस्थानिकाने इंग्रजांविरुद्ध बंड केलं. ते मोडलं गेलं आणि संस्थान संपलं. अशा उलथापालथीच्या काळात हा मुलगा वाढला.

१८७४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला लागले. पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर झाले. म्हणजे हा माणूस कुठल्या वेधशाळेत नव्हता, विद्यापीठात नव्हता. दिवसा शाळा, आणि उरलेल्या वेळात आकडेमोड. कॅल्क्युलेटर नाही, कॉम्प्युटर नाही. कागद, दौत-टाक आणि कोष्टकं.

आकडेमोड कशाची? पंचांगाची.

आज आपल्याला ग्रहणाची वेळ फोनवर सेकंदासकट मिळते. तेव्हा ती पंचांगात बघायची. महाराष्ट्रातली बरीच पंचांगं ग्रहलाघव या ग्रंथावरून बनायची. गणेश दैवज्ञांनी तो १५२० च्या सुमारास लिहिला होता. फार हुशारीने केलेला, सोप्या गणिताचा ग्रंथ. पण साडेतीनशे वर्षांत छोट्या चुका साचत जातात, जसं रोज काही सेकंद मागे पडणारं घड्याळ वर्षभरात तासाने चुकतं. पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह एका जागी दिसेनात.

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी १८६५ च्या सुमारास आधुनिक वेधांवर आधारलेलं पंचांग सुरू केलं होतं. केतकर त्याच वाटेने पुढे गेले. युरोपातल्या वेधशाळांनी मोजलेल्या ग्रहगती घेऊन त्यांनी ज्योतिर्गणितम् आणि केतकी ग्रहगणितम् हे ग्रंथ संस्कृतात रचले. मराठीत नक्षत्रविज्ञान लिहिलं. पुढे १९२३ मध्ये त्यांचा कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथही आला.

संस्कृत कशासाठी? कारण पंचांग करणारे जोशी-शास्त्री संस्कृत वाचायचे. जुनं फेकून द्या असं केतकर म्हणत नव्हते. जी भाषा तुम्हाला कळते त्याच भाषेत आजचे अचूक आकडे घ्या, एवढाच त्यांचा आग्रह. आजच्या भाषेत सांगायचं तर ॲप तेच ठेवलं, आतला डेटा अपडेट केला.

न दिसणारी गोष्ट पकडायची कशी?

आता प्लूटोकडे येऊ. त्याआधी एक युक्ती समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

समजा रात्री शेतात कुणी दिसत नाहीये, पण विहिरीवरचा दोर हलतोय. तुम्ही लगेच ओळखता की पलीकडे कुणीतरी ओढतंय. खगोलशास्त्रज्ञ हेच करतात. एखादा ग्रह ठरलेल्या वाटेवरून किंचित सरकला, तर त्याला कोण ओढतंय ते शोधायचं.

युरेनस १७८१ मध्ये सापडला. पुढच्या काही दशकांत लक्षात आलं की तो गणिताप्रमाणे चालत नाही. फ्रान्सच्या ले व्हेरिए यांनी हिशेब करून सांगितलं की पलीकडे एक ग्रह असला पाहिजे आणि तो आकाशात अमुक ठिकाणी दिसेल. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत दुर्बीण तिकडे वळवली. त्यांनी सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आतच नेपच्यून सापडला.

जबरदस्त ना? पण थांबा. याच ले व्हेरिएंनी १८५९ मध्ये बुधाची चाल बघून सांगितलं की सूर्याच्या जवळ आणखी एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन हे नावही पडलं. माणूस तोच, युक्तीही तीच. पण व्हल्कन कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. बुधाच्या चालीचं खरं कारण १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या नव्या गुरुत्वाकर्षण सिद्धांताने सांगितलं. आणि हा तोच सिद्धांत आहे ज्यातून पुढे ब्लॅक होलची कल्पना बाहेर आली.

म्हणजे एकाच माणसाचं एक भाकीत खरं निघालं आणि दुसरं खोटं. फरक माणसाच्या हुशारीत नव्हता. आकाशाने एकाला हो म्हटलं, दुसऱ्याला नाही.

१९११: ब्रह्मा आणि विष्णू

केतकरांची वाट थोडी वेगळी होती. त्यांनी ओढाताण मोजली नाही, त्यांनी ताल शोधला.

गुरूचे तीन चंद्र आहेत: आयो, युरोपा आणि गॅनिमीड. आयो चार फेऱ्या मारतो तेवढ्यात युरोपा दोन आणि गॅनिमीड एक. लेझीमच्या पथकासारखे तिघे एका ठेक्यात बांधलेले. हे गणित लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने उलगडलं होतं. केतकरांच्या मनात आलं, की असाच ठेका युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्यापलीकडच्या न दिसलेल्या ग्रहांत असेल तर?

त्यांनी हिशेब मांडला आणि दोन ग्रह सुचवले. नावं ठेवली ब्रह्मा आणि विष्णू. १९११ मध्ये हे काम फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात छापून आलं. बागलकोटच्या हेडमास्तरांचा लेख पॅरिसमध्ये! हे खरं आहे, आणि याचा अभिमान वाटलाच पाहिजे.

ब्रह्मा या ग्रहासाठी त्यांनी दिलेले आकडे असे: सूर्यापासूनचं सरासरी अंतर ३८.९५ खगोलीय एकक आणि एका फेरीला २४२.२८ वर्षं. (खगोलीय एकक म्हणजे सूर्य ते पृथ्वी हे अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर.)

मग १८ फेब्रुवारी १९३० उजाडला. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ हा २४ वर्षांचा पोरगा फोटोच्या काचा तपासत होता. एकाच आकाशभागाचे काही दिवसांच्या अंतराने काढलेले दोन फोटो आलटून पालटून बघायचे आणि कुठला ठिपका हलला ते शोधायचं, हे त्याचं काम. एक ठिपका हलला. तो प्लूटो. १३ मार्चला बातमी जगभर गेली.

प्लूटोचं सरासरी अंतर ३९.४८ एकक, आणि फेरी सुमारे २४८ वर्षांची. केतकरांच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. अंतरात फरक दीड टक्क्याहूनही कमी!

त्या वेळी केतकर ७६ वर्षांचे होते. ३ ऑगस्ट १९३० रोजी विजापूरला ते गेले. प्लूटोची घोषणा झाल्याला तेव्हा पाच महिनेसुद्धा झाले नव्हते.

आकडा जुळला, पण...

इथे माझं दोन वर्षांपूर्वीचं स्टेटस संपायचं. खरी गोष्ट इथून पुढे आहे, आणि ती सांगताना मला थोडं जड जातंय.

पहिली अडचण: केतकरांचा पायाच चुकीचा होता. युरेनसला एका फेरीला ८४ वर्षं लागतात, नेपच्यूनला सुमारे १६५. दुपटीच्या जवळ आहे, पण गुरूच्या चंद्रांसारखे ते एकमेकांना बांधलेले नाहीत. ज्या ठेक्यावर हिशेब उभा होता तो ठेका तिथे नाहीच.

दुसरी अडचण: त्यांनी अंतर आणि काळ सांगितला, पण ग्रह आकाशात कुठे बघायचा ते सांगितलं नाही. ले व्हेरिएंच्या हिशेबावरून दुर्बीण वळवता आली. केतकरांच्या हिशेबावरून ती कुठे वळवायची?

तिसरी अडचण म्हणजे विष्णू. त्या हिशेबातला हा दुसरा ग्रह कधीच सापडला नाही. फॉरवर्डमध्ये ब्रह्मा असतो, विष्णू नसतो. दोनपैकी जो बाण लागला तेवढाच दाखवायचा, ही जुनी चलाखी आहे. आणि ती केतकरांनी केली नव्हती, आपण करतोय.

यात आपण एकटे नाही बरं का. लॉवेल वेधशाळा काढणारे पर्सिव्हल लॉवेल यांनीही नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत केलं होतं. त्यांचा ग्रह पृथ्वीच्या कितीतरी पट जड होता. १९१६ मध्ये ते वारले आणि प्लूटो त्यांच्या शोधमोहिमेतूनच सापडला, म्हणून जगाला वाटलं भाकीत खरं झालं. पण १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र कॅरन सापडला आणि प्लूटोचं नेमकं वजन कळलं: पृथ्वीच्या सुमारे ५०० व्या हिश्श्याएवढंच. एवढासा गोळा युरेनसला काय ओढणार? पुढे १९८९ मध्ये व्हॉयेजर २ यान नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वजन नीट मोजलं गेलं, आणि ते हिशेबात घातल्यावर युरेनसची गडबड नाहीशीच झाली. लॉवेल यांचा ग्रह हवाच नव्हता.

आणि खरा ताल? तो आहे, पण प्लूटो आणि नेपच्यून या दोघांतच. नेपच्यून तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात प्लूटो दोन मारतो. म्हणजे ग्रहांमध्ये ठेका शोधायची केतकरांची नजर चुकीची नव्हती, पण त्यांनी लावलेला ठेका वेगळा होता.

शाळेत गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि पायऱ्या चुकीच्या असल्या की बाई अर्धेच मार्क द्यायच्या. तेव्हा राग यायचा. आता कळतंय.

आता आत्याचं ब्लॅक होल

या नजरेने आता तो व्हिडिओ बघू. त्यातली एक गोष्ट वेडगळ नाही: अगदी चिमुकली ब्लॅक होल असू शकतात, असं शास्त्रज्ञ खरंच मानतात.

नेहमीची ब्लॅक होल मोठे तारे कोसळून बनतात. पण विश्वाच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या सेकंदाच्याही आत, सगळीकडे प्रचंड दाट पदार्थ होता. त्यात कुठे जरा जास्त गर्दी झाली असेल, तर तिथे तारा न बनता थेट ब्लॅक होल बनलं असेल. त्यांना आदिम कृष्णविवरं म्हणतात. रशियाच्या झेल्डोविच आणि नोविकोव्ह यांनी १९६७ मध्ये आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली. अजून एकही सापडलेलं नाही. पण असतील, तर विश्वातलं न दिसणारं कृष्णद्रव्य त्यांचंच बनलेलं असू शकतं.

ती किती लहान? पृथ्वी दाबून दाबून ब्लॅक होल केली तर साधारण बोराएवढी होईल, पावणेदोन-दोन सेंटिमीटरची. पण त्याहूनही कितीतरी हलकी बनू शकतात. समजायला आपण नगरचंच माप घेऊ: टीएमसी.

भंडारदरा भरलं की ११ टीएमसी. मुळा धरण भरलं की २६. दोन्ही मिळून ३७ टीएमसी पाणी, म्हणजे साधारण १ घन किलोमीटर. त्याचं वजन सुमारे १०० कोटी टन. हे सगळं पाणी एका ब्लॅक होलमध्ये कोंबलं, तर त्याचा आकार किती? अणूच्या आत केंद्रक असतं, केंद्रकात प्रोटॉन असतो. जवळपास त्या प्रोटॉनएवढा.

आणखी एक भारी गोष्ट. हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखवलं की ब्लॅक होल हळूहळू ऊर्जा बाहेर टाकत झिजतं, आणि जितकं लहान तितकं लवकर संपतं. त्या हिशेबाने विश्वाच्या सुरुवातीला एकट्या भंडारदऱ्याच्या पाण्याएवढं ब्लॅक होल बनलं असेल, तर ते आतापर्यंत विरून गेलं असणार. मुळा धरणाएवढं असेल, तर मात्र अजून शिल्लक असेल. सीमारेषा या दोन धरणांच्या मधे कुठेतरी पडते.

समजा आरपार गेलंच तर?

समजा ते ३७ टीएमसीवालं ब्लॅक होल खरंच पृथ्वीवर आलं. काय होईल?

एक, ते थांबणार नाही. अशा गोष्टी सेकंदाला २०० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने फिरत असतील. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर पुरतात. म्हणजे एका बाजूने शिरून साधारण मिनिटभरात ते दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल. आत बसून जेवायला त्याला वेळच नाही.

दोन, ते खाणार किती? तोंड प्रोटॉनएवढं. ब्लॅक होल म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर नव्हे. दुरून त्याची ओढ तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूएवढीच असते. भंडारदऱ्याचं पाणी आज कुणाला गिळतंय का?

तीन, आपल्याला कळेल कसं? २०१२ मध्ये चार शास्त्रज्ञांनी याचं कॉम्प्युटर मॉडेल केलं. त्यांच्यात श्रवण हनासोगे हे भारतीय नावही होतं. नेमकं याच वजनाचं ब्लॅक होल त्यांनी घेतलं होतं. निष्कर्ष: साधारण ४ रिश्टरच्या भूकंपाएवढी हालचाल. असे धक्के कोयना आणि पालघरकडच्या लोकांनी अनुभवलेले आहेत. पण एक खूण वेगळी असेल: नेहमीच्या भूकंपाची लाट एका जागेपासून पसरत जाते, ही लाट मात्र पृथ्वीच्या सगळ्या पृष्ठभागावर जवळजवळ एकाच वेळी पोहोचेल. नगर, न्यूयॉर्क, टोकियो, सगळीकडच्या भूकंपमापकांवर एकदमच. बाकी नुकसान नगण्य. आणि अशी टक्कर सुमारे १ कोटी वर्षांतून एकदा व्हायची शक्यता.

हा खरा अभ्यास बघा. तो फक्त भाकीत करत नाही, काय दिसलं तर ते खरं मानायचं हेही सांगतो. आत्याच्या व्हिडिओत नेमकं तेच नव्हतं. तारीख नाही, वजन नाही, वेग नाही, खूण नाही.

पुन्हा तीच युक्ती

केतकरांना आवडली असती अशी एक गोष्ट आता सांगतो.

२०१६ मध्ये बॅटिगिन आणि ब्राउन या दोन शास्त्रज्ञांनी सांगितलं की नेपच्यूनपलीकडच्या काही लहान गोळ्यांच्या कक्षा विचित्र पद्धतीने एका बाजूला झुकल्यात, तेव्हा लांब कुठेतरी पृथ्वीच्या कैकपट वजनाचा नववा ग्रह असावा. २०१९ मध्ये शोल्ट्झ आणि अनविन या दोघांनी विचारलं, की तो ग्रह नसून आदिम ब्लॅक होल असेल तर? पृथ्वीच्या पाचपट वजन, आणि आकार मोठ्या मोसंबीएवढा! सूर्यापासून पृथ्वीच्या शेकडो पट लांब. तिथून ते आपलं काही वाकडं करू शकत नाही.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या आणखी एका गटाने मंगळाकडे बोट दाखवलं. पृथ्वी ते मंगळ हे अंतर आज सुमारे १० सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजता येतं. कृष्णद्रव्य लघुग्रहाएवढ्या वजनाच्या ब्लॅक होलचं बनलेलं असेल, तर त्यातलं एखादं साधारण दर दहा वर्षांत सूर्यमालेच्या आतल्या भागातून जाईल. ते मंगळाच्या बाजूने गेलं, तर पुढच्या काही वर्षांत मंगळ आपल्या वाटेवरून मीटरभर सरकलेला दिसेल. म्हणजे परत तोच हलणारा दोर, आणि तोच प्रश्न: पलीकडे कोण ओढतंय?

ही भाकितं नेपच्यून ठरतील की व्हल्कन, ते आकाश सांगेल. ती मांडणाऱ्यांनी मात्र तपासायची जागा आधीच सांगून ठेवली आहे. चुकलो तर पकडले जाऊ, एवढी तयारी ठेवून.

केतकरांचं टिकलेलं काम

मग केतकर फक्त अर्ध्या मार्कांचे धनी का? अजिबात नाही. त्यांचं मोठं काम प्लूटोत शोधायचं नाही, भिंतीवर शोधायचं.

पंचांगात राशीचक्र सुरू कुठून करायचं यावर त्या काळी मोठा वाद होता. एक बाजू रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्याची. टिळक पंचांग आजही त्याच बाजूचं. केतकर चित्रापक्षाचे: चित्रा हा ठळक, सहज दिसणारा तारा घ्या आणि त्याच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून मोजायला सुरुवात करा. दोन्ही आरंभांत साधारण ४ अंशांचा फरक पडतो. सूर्य रोज सुमारे एक अंश पुढे सरकतो, म्हणून संक्रांत चारेक दिवसांनी मागेपुढे होते. त्यामुळे कधीकधी अधिक महिना वेगळा येतो आणि सण महिनाभर पुढेमागे जातात.

स्वातंत्र्यानंतर सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. १९५५ मध्ये तिचा अहवाल आला. सण-नक्षत्रांच्या गणितासाठी तिने चित्रेवर आधारलेली पद्धतच धरली. आज आपल्या घरात लटकलेली बहुतेक पंचांगं आणि फोनमधली पंचांगाची ॲप त्याच पद्धतीने चालतात. केतकर जाऊन तेव्हा २५ वर्षं झाली होती.

यावर कुणी फॉरवर्ड करत नाही. कारण यात कुणी कुणाचं काही लपवलेलं नाही. एका हेडमास्तराने आयुष्यभर गणिताला आकाशाशी ताडून बघितलं, जुळलं नाही तिथे गणित दुरुस्त केलं, बस्स.

माझं ते जुनं स्टेटस आता कधीच गायब झालंय, दुरुस्त करता येणार नाही. म्हणून हा लेख. आणि फॅमिली ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की केतकरांनी प्लूटो शोधला नव्हता. त्यांनी सुचवलेले दोन आकडे त्याच्या जवळ निघाले, कारण चुकलं होतं, आणि त्यांचं खरं काम देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेलं आहे. या वेळी अंगठे कमी आले. पण काकांनी पंचांग उघडून चित्रापक्ष हा शब्द शोधला आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला.

आत्याला मी फोनवर धरणांचा हिशेब सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाली की एवढं पाणी एका ठिपक्यात मावत असेल तर मावू दे, आमच्या वावराला आवर्तन कधी सुटणार ते तुझ्या शास्त्रज्ञांना विचार.

कांद्याची रोपं तिने दुसऱ्याच दिवशी टाकली होती.